दुसऱ्याचं लगेच दिसतं, मग स्वतःचं का दिसत नाही?

खिडकीजवळ

नमस्कार मंडळी. वाचते बरेच दिवस, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझं साताऱ्यात झेरॉक्सचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. आसपास कचेऱ्या असल्यामुळे सकाळपासून माणसं येतात आणि मशीन चालू असताना त्यांना दुसरं काही काम नसतं, मलाही नसतं. त्यामुळे मी बघते. सातबारा आणणारी माणसं तो चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी परत कापडी पिशवीत ठेवतात. कॉलेजची पोरं मार्कशीट देताना मार्क दिसू नयेत म्हणून उलटी देतात, मग मशीनवर ठेवायला मीच सुलटी करते.

आणि मृत्यूचा दाखला घेऊन येणारी माणसं. ती हळू आवाजात म्हणतात, "दोन कॉप्या द्या." नेहमी दोन. चार दिवसांनी तीच माणसं परत येतात, कारण बँकेला लागली, एलआयसीला लागली, तलाठ्याकडे वारस नोंदीला लागली, रेशनकार्डाला लागली. दर वेळी पिशवीतून तो कागद काढायचा आणि दर वेळी नाव वाचायचं. हे लक्षात यायला मला दोनेक वर्षं लागली. तेव्हापासून मी न विचारता सांगते, "दहा काढून ठेवा, लागतात." काहीजण काही न बोलता मान हलवतात. मला वाटायचं, आपल्याला माणसं बघता येतात.

आता खरा विषय. गणपतीत मुलीने घरातला व्हिडिओ काढला होता, पंधरा मिनिटांचा. तो बघताना दिसलं की मी एकाही माणसाला वाक्य पूर्ण करू दिलेलं नाही. सासूबाई, नणंद, मुलगी, शेजारच्या काकू, कुणालाच नाही. प्रत्येकीचं अर्धं वाक्य झालं की उरलेलं मी बोलतेय. तीन वेळा व्हिडिओ बघितला आणि मला रडू आलं. अकरा वर्षं काउंटरच्या आतून सगळ्या गावाकडे बघणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं.

मग वहीत टिंबं द्यायला लागले. कुणाचं वाक्य तोडलं की एक टिंब. पहिल्या दिवशी २३, दुसऱ्या दिवशी १४, पाचव्या दिवशी ६. पण खरंच सवय कमी झाली का नुसती हातात पेन्सिल आहे म्हणून मी सावध आहे, ते कळत नाही.

तुम्ही कुणी असं स्वतःकडे बघता का? त्याने काही बदलतं का?

वडूजकर

फार प्रामाणिक लिहिलंय. वाचतोय.

एसटी_लालपरी

ताई, दाखल्याचं वाचून गलबलून आलं.

मी कंडक्टर. सातारा-स्वारगेट, सातारा-कोल्हापूर, आता लोकल फेऱ्या. आमच्या धंद्यात बघावंच लागतं. गाडीत चढल्याचढल्या खिडकीबाहेर बघत बसणारा एकतर पहिल्यांदा गाव सोडतोय, न्हायतर तिकिटाला पैसं कमी हायत. दोघांच्या बघण्यात फरक असतो, पन तो सांगता येत न्हाई. पयल्याचं डोळं पळत्या झाडांसंगं हलत्यात, दुसऱ्याचं एका जागी. दुसऱ्याकडं मी सगळ्यात शेवटी जातो, म्हंजे तवर गर्दीत त्याला हिशेब जुळवाया वेळ मिळतो.

आता सोताचं. मला मंडळींनी एकदा विचारलं, तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून कधी बोलता? मी म्हणलं, रोज तर बोलतो. ती म्हणली, तुम्ही हाताकडं बघता. खरं हाय वो. वीस वर्सं माणसाच्या हाताकडं बघितलं, पैसं किती, सुट्टं हायत का, पास हाय का. घरी पन नजर तिथंच जाती. हे मला शंभर वर्सं दिसलं नसतं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच, की दुसऱ्यानं सांगाया लागतं.

गावभाग_सांगली

मला या विषयावर वेगळं बोलायचंय आणि जरा तिखट लागेल.

सगळे 'निरीक्षण' 'निरीक्षण' म्हणताय. मी सांगलीत गावभागात वाड्यात वाढले. तिथे समोरच्या खिडकीत, जिन्यात, नळावर सतत कुणीतरी बघत असायचं. किती वाजता आली, कुणी सोडलं, ओढणी कुठे होती. त्या बायकाही म्हणायच्या, आमचं लक्ष असतं हो सगळ्यांकडे, आणि त्यांना ते चांगलंच वाटायचं. याला आपल्या भाषेत पाळत म्हणतात.

याचं पुढे काय होतं तर आता मी चाळिशीची, नोकरी विश्रामबागला, स्वतःचा फ्लॅट, लिफ्टमध्ये आरसा आहे. त्या आरशात मी स्वतःकडे बघते तेव्हा त्या खिडकीतल्या बाईच्या डोळ्यांनी बघते. स्वतःकडे माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी कसं बघायचं हे मला कुणी शिकवलंच नाही. म्हणून धागाकर्तीला विचारावंसं वाटतं, टिंब देताना तुमच्या हातात पेन्सिल कुणाची असते?

खिडकीजवळ

@गावभाग_सांगली, तुमचा शेवटचा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. लगेच उत्तर देत नाही.

मनाचा_अभ्यासक

गावभाग ताई, तुमचं दुःख समजतं, पण यावर एक दिलासा देणारा प्रयोग आहे. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांना तुमच्या टीशर्टवरचं चित्र कळलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांना. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं जग आपल्याकडे बघत नसतं. जो तो आपापल्या टीशर्टच्या काळजीत.

गावभाग_सांगली

दादा, ती खोली परक्या मुलांची होती आणि मुलं तिथे थोडा वेळच बसली. आमच्या वाड्यात वीस वर्षं तीच माणसं होती आणि माझ्या ओढणीचा रंग लक्षात ठेवणं हा त्यांचा दिवसाचा विरंगुळा होता. तिथे अंदाज निम्म्यांचा केला असता तर प्रत्यक्षात सगळे निघाले असते. प्रयोग चुकीचा म्हणत नाही मी. तो आमच्या जिन्यात झाला नाही, एवढंच.

मनाचा_अभ्यासक

मान्य. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

वडूजकर

हा प्रतिसाद साठवून ठेवतोय.

आयर्विनची_पट्टी

सांगलीकडून मीही लिहितो. माझं नाव बघूनच कळलं असेल, कृष्णाकाठचा.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळं गाव निरीक्षक होतं. १९२९ सालचा आयर्विन पूल, त्याच्यापाशी पाणी फुटात मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी "किती झालं?" आणि लगेच "कोयनेतून किती सोडलं?" २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. आमचं घर मारुती रोडच्या बाजूला. वडिलांनी २००५ च्या पाण्याची खूण जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवली होती, तेव्हा सगळ्यांचा हिशेब असा की पाणी त्या खुणेपर्यंत येईल, फार तर वर चार बोटं. वडील दर तासाला बॅटरी घेऊन खाली जायचे, पायरी मोजायचे, वर येऊन सांगायचे, अजून सहा पायऱ्या, अजून पाच. आवाज एकदम शांत. आई म्हणायची, बघा, हे कसे घाबरत नाहीत.

मी त्या रात्री त्यांच्याकडे बघत होतो. वर आले की ते खुर्चीवरचा टॉवेल घ्यायचे, घडी घालायचे, ठेवायचे. पाच मिनिटांनी तोच टॉवेल उलगडून परत घडी. रात्रभर. पाण्याची एकेक पायरी त्यांना बरोबर दिसत होती, स्वतःचे हात दिसत नव्हते. पहाटे खूण बुडाली तेव्हा मी तो टॉवेल त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, चला बाबा, निघूया. ते लगेच उठले. रात्रभर कुणीतरी तसं म्हणायची वाट बघत असल्यासारखे.

तर माझं म्हणणं, एसटीवाल्या दादांना अनुमोदन, स्वतःचं दुसऱ्यालाच दिसतं. पण टिंबांची वहीही सोडू नका. पुलावर पट्टी नसती तर नुसतं "वाढलंय वाढलंय" एवढंच म्हणत बसलो असतो.

हरभट_रोड

आयर्विन, त्या रात्री आम्ही दुकानातल्या साड्या माळ्यावर चढवत होतो. असो, तो विषय निघाला की थांबत नाही.

साडीच्या दुकानातलं एक सांगतो. बाईचा हात आधी थांबतो. पंचवीस साड्या उलगडल्या तरी ज्या साडीवर हात दोन सेकंद जास्त राहिला तीच शेवटी जाते. पण का घेतली असं सोबतच्या बहिणीने विचारलं की उत्तर येतं, काठ बारीक आहे, रंग जाणार नाही, सणाला चालेल. ही कारणं तोंड नंतर शोधतं. मानसशास्त्रात यावर १९७७ चा एक गाजलेला लेख आहे असं आमच्या भाचीने दाखवलं, ती शिकते ते. दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले, चारही अगदी एकसारखे. लोकांना विचारलं, सगळ्यात चांगला कुठला? सगळ्यात जास्त लोकांनी उजव्या टोकाचा उचलला. कारण विचारलं तर वीण, तलमपणा, असली कारणं. जागेमुळे उचलला असं एकानेही सांगितलं नाही. मुद्दाम विचारल्यावरही, छे, असं कसं होईल म्हणाले.

हे वाचून मी स्वतःचं तपासलं. मला कायम वाटायचं की जे गिऱ्हाईक नीट बोलतं त्याला मी सूट देतो. दिवाळीतलं बिलबुक घेऊन बसलो. तर सूट दिलेली बहुतेक बिलं संध्याकाळी सातनंतरची. नीट बोलणारे सकाळीही येत होते की! मी दमलो की सूट देतो, आणि स्वतःला सांगतो माणूस चांगला होता. बिलबुक नसतं तर हे मी कुणाच्या बापाला कबूल केलं नसतं. आता सकाळच्या गिऱ्हाइकालाही आपणहून कमी करतो, बरं वाटतं.

कृष्णामाईची_लेक

म्हणजे साडी घ्यायला सातनंतर यायचं तर! :)

हरभट_रोड

या की. कधीही या आता.

कराडची_परिचारिका

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नावर बोलते, म्हणजे पेन्सिल आहे म्हणून सावध आहे का खरंच बदललंय.

आमच्या वॉर्डात हात धुण्याची तपासणी असते. रजिस्टर घेऊन कुणीतरी उभं राहतं आणि कोण हात धुतो कोण नाही ते लिहितं. ती बाई उभी असताना सगळे धुतात, मीही. ती जेवायला गेली की कमी होतं. याला जुनं नाव आहे, हॉथॉर्न परिणाम. शिकागोजवळच्या हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग सुरू झाले, दिवे वाढवले की काम वाढतं का बघायला. सांगतात असं की दिवे वाढवले तरी काम वाढलं आणि कमी केले तरी वाढलं, कारण कुणीतरी आपल्याकडे बघतंय. नंतर लोकांनी तो जुना डेटा परत काढून तपासला तेव्हा गोष्टीत सांगतात इतकं ठळक काही सापडलं नाही, हेही खरं. पण वॉर्डात मी रोज बघते, त्यामुळे माझ्यापुरता तो खरा आहे.

तर ताई, असं करा. वही बंद करा. घरातल्या कुणाला तरी सांगा की तू मोज, पण कुठल्या दिवशी मोजणार ते मला सांगू नकोस. आठ-पंधरा दिवसांनी आकडा विचारा. आमच्याकडेही ओळखीचं तोंड नसलेली बाई पाठवली तेव्हाच खरं चित्र कळलं.

आणि एक. आकडा वाईट आला म्हणून स्वतःला झोडपू नका. जी पोरगी तपासणीत नापास झाली तिला आम्ही रागावत नाही, सॅनिटायझरची बाटली तिच्या टेबलाजवळ आणून ठेवतो.

दहा_दिवस_मौन

विपश्यना कुणी केलीये का इथे? मी इगतपुरीला जाऊन आलो. पहिले तीन दिवस फक्त श्वास, तोही नाकाशी जाणवतो तेवढाच. चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघायच्या. बोलायचं नाही, वही नाही, पेन नाही, मोबाईल तर नाहीच. टिंब द्यायची सोयच नाही म्हणा ना.

माझा अनुभव सांगतो. पाचव्या दिवशी डाव्या गुडघ्याला मुंग्या. एरवी मी पाय हलवला असता आणि हलवला हेही कळलं नसतं. तिथे हलवायचा नाही, नुसतं बघायचं असं ठरवून बसलो. बघता बघता दिसलं की दुखण्याच्या आधी एक राग येतोय. कुणावर? तर शेजारी स्थिर बसलेल्या माणसावर! त्याने माझं काय केलं होतं? हे दिसलं आणि तेवढ्यात राग ओसरला, मुंग्या मात्र तशाच राहिल्या. गावभाग ताई, तिथे पहिल्यांदा मला असं बघणं सापडलं ज्याच्यात खिडकीतली बाई नव्हती. प्रत्येकाला जमेल असं म्हणत नाही, सातव्या दिवशी मी बॅग भरली होती, गुरुजींनी थांबवलं.

कृष्णामाईची_लेक

अवांतर: तिथे रात्रीचं जेवण नसतं हे खरं का?

दहा_दिवस_मौन

नसतं. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं वगैरे. जुन्यांना लिंबूपाणी. भूक दोन दिवस लागते, मग नाही.

एसटी_लालपरी

आमाला ड्युटीवर तसंच हाय, फरक एवढाच की चहा सोताच्या पैशानं.

मिरजेची_तार

उशिरा आलो. आमचं घर मिरजेतलं, तंतुवाद्याचं काम पिढीजात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा पुष्कळ लोक दुकान बघायला यायचे.

तंबोऱ्याची जवारी लावणं म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा घासत घासत असा आणायचा की तार त्याला निसटती लागली पाहिजे, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधायची. केसाएवढा फरक पडला तरी आवाज बंद होतो. माझे आजोबा जवारी लावून झाली की तंबोरा दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः समोर दहा फुटांवर भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटून. मी लहानपणी विचारलं, तुम्हीच छेडा की. म्हणाले, छेडताना मी माझी बोटं ऐकतो, तंबोरा नाही.

गावभाग ताईंनी विचारलं ना, पेन्सिल कुणाच्या हातात. मला वाटतं ती अशा माणसाच्या हातात द्यावी ज्याला तंबोरा चांगला लागावा असं मनापासून वाटतं. समोरच्या खिडकीतल्या बाईला तसं वाटत नव्हतं, एवढाच दोघींत फरक.

गावभाग_सांगली

@मिरजेची_तार, हा प्रतिसाद दोनदा वाचला. थांबते आता थोडी. खरं सांगायचं तर असा एकही माणूस पटकन आठवला नाही, मग एक मैत्रीण आठवली, कुपवाडला असते. फोन करते तिला.

वडूजकर

सहमत. धागा वर आणतोय, ताई आल्या नाहीत बरेच दिवस.

खिडकीजवळ

आले. उशीर झाला. कराडच्या ताईंनी सांगितलं तसं केलं. मुलीला म्हटलं, तू मोज, मला सांगू नकोस केव्हा. तिने तीन दिवस मोजलं, त्यातला एक रविवार, दुपारभर दुकानात मशीनमागच्या स्टुलावर बसून.

आकडे असे. दुकानात ४. म्हणजे तिथे खरंच कमी झालंय, कारण ती मोजतेय हे मला माहीत नव्हतं, मला वाटलं अभ्यास करतेय. घरी सासूबाईंशी ७. आणि तिच्याशी एकटीशी, एका संध्याकाळी, १९.

मी विचारलं, तुझंच एवढं का? ती म्हणाली, "तुला वाटतं मी काय बोलणार ते तुला माहीत आहे." गिऱ्हाईक काय बोलणार ते मला माहीत नसतं म्हणून मी थांबते. पोटच्या पोरीचं माहीत आहे असं धरून चालते. व्हिडिओत सुद्धा सगळ्यात जास्त तिचंच तोडलं होतं, परत बघितला तेव्हा दिसलं. पहिल्या तीन वेळा मी फक्त स्वतःकडेच बघत होते.

गावभाग ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आधी टिंबं देताना पेन्सिल माझ्या आईच्या हातात होती. ती असती तर काय म्हणाली असती, असं मनात येऊन मी टिंब जोरात द्यायचे, कागद फाटायचा. मुलीने दिलेली टिंबं बघितली तर अगदी बारीक आहेत. एका टिंबापुढे तिने छोटं फूल काढलंय, तिथे म्हणे मी तोडता तोडता थांबले होते.

गावभाग_सांगली

आणि ती काय सांगत होती, त्या एकोणीस वेळा?

खिडकीजवळ

परवा रात्री विचारलं. म्हटलं, बोल, मी काही बोलत नाही. तोंडावर हात धरून बसले अक्षरशः. चाळीस मिनिटं बोलली. त्यातलं अर्धं मला माहीत होतं असं मला वाटत होतं ते तसं नव्हतंच. काय होतं ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

गावभाग_सांगली

नकाच लिहू.

एसटी_लालपरी

ताई, मी काल मंडळींच्या तोंडाकडं बघून बोललो. ती म्हणली, काय झालं, काय हवंय? सवय न्हाई तिला अजून. रोज बघणार.

माहुलीकाठ

सदस्य जुना आहे पण लिहीत नाही. मागच्या महिन्यात वडील गेले. दाखला मिळाला त्या दिवशी एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो, दोन मागितल्या, आतल्या बाईंनी दहा काढून ठेवा म्हणून सांगितलं. तुम्हीच होता का ते माहीत नाही, मी वर बघितलं नव्हतं. आज वारस नोंद झाली. दहातल्या दोन उरल्यात.